‘सोसायटी’ हा शब्द समोर आला की : नव्या अनुवादकांसाठी आणि उपसंपादकांसाठी

मार्च उजाडला की आमच्या घरात एकच घोर असायचा. ‘सोसायटी भरायची आहे.’ वडील हे वाक्य ज्या आवाजात म्हणायचे, त्यावरून त्या वर्षी ऊस कसा गेला ते आम्हा मुलांना कळायचं. पुढे नोकरीला पुण्यात आलो आणि पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, ‘सोसायटीचे पैसे भरलेत ना?’ शब्द तोच. पण वडिलांची सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी गावातली संस्था, आणि काकूंची सोसायटी म्हणजे आम्ही राहत होतो ती इमारत.

त्यानंतरची बरीच वर्षं इंग्रजी कागद मराठीत आणि मराठी कागद इंग्रजीत करण्यात गेली. एवढ्या काळात ‘सोसायटी’इतका फसवणारा शब्द मला भेटला नाही. अवघड शब्द आला की आपण कोश उघडतो. हा ओळखीचा वाटतो, म्हणून कोणी उघडत नाही. उघडला तरी कोश ‘समाज, संस्था, मंडळी, सहवास’ अशी ओळ देऊन मोकळा होतो. त्यातला कोणता शब्द कुठे बसवायचा ते हातातला कागदच सांगतो. कागदाला ते कसं विचारायचं, एवढंच इथे क्रमाने मांडतो आहे. चुकीचा शब्द पडला तर भोगणारा वाचणारा असतो : ठेव ठेवणारा, फ्लॅट घेणारा, कोर्टात उभी राहिलेली बाई. म्हणून कृपा करून घाई करू नका.

पायरी १ : या सोसायटीचा राजीनामा देता येतो का?

पहिला प्रश्न हाच. ज्या ‘सोसायटी’चं सभासद होता येतं आणि जिचा राजीनामा देता येतो, ती संस्था. जिच्यात आपण जन्मतःच असतो, जिला चेअरमन नाही आणि जिचं वार्षिक वर्गणीशी काही नातं नाही, तो समाज.

इंग्रजी वाक्यात यासाठी एक खूण सापडते. शब्दाआधी ‘अ’ किंवा ‘द’ नसेल, नुसतं ‘इन सोसायटी’ असेल, तर बहुतेक वेळा अर्थ ‘समाजात’. ‘द सोसायटी’, ‘एव्हरी सोसायटी’, ‘सोसायटीज’ असं असेल तर संस्थेची शक्यता वाढते. पण ही खूण पुरती भरवशाची नाही. ‘अ फ्यूडल सोसायटी’मध्ये ‘अ’ आहे, तरी तो सरंजामी समाजच. आणि आपल्याकडच्या इंग्रजीत तर ‘इन द सोसायटी’ असं लिहून सर्रास ‘समाजात’ असं म्हणायचं असतं. शाळेच्या निबंधांपासून सरकारी अहवालांपर्यंत ही सवय पसरली आहे. म्हणून खूण पाहा, पण निवाडा राजीनाम्याच्या प्रश्नावर करा.

‘सिव्हिल सोसायटी’ या शब्दापाशी नवखे अडखळतात. राज्यसंस्था आणि बाजार यांच्याबाहेर लोक एकत्र येऊन जे काही उभं करतात, त्या सगळ्याला मिळून हे नाव आहे. ‘नागरी समाज’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे, तोच वापरा. ‘सभ्य समाज’ लिहू नका. मग बाकीचे असभ्य ठरतात.

पायरी २ : सहवासाचा अर्थ तपासा

हा अर्थ फार वेळा येत नाही, पण येतो तेव्हा कोणाचं तरी आयुष्य त्या कागदावर असतं, म्हणून त्याला दुसऱ्या पायरीवर ठेवलं आहे.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम आहे. पतीपत्नींपैकी एकाने सबळ कारण नसताना दुसऱ्याच्या ‘सोसायटी’तून अंग काढून घेतलं, तर दुसऱ्याला कोर्टात जाता येतं, असं ते सांगतं. बोलीत आपण याला नांदायला येण्याचा दावा म्हणतो. इथे ‘सोसायटी’ म्हणजे सहवास, एकत्र नांदणं. मी तपासायला घेतलेल्या एका कच्च्या अनुवादात याच ठिकाणी ‘पत्नीने समाजापासून फारकत घेतली आहे’ असं लिहिलेलं होतं. विचार करा, ती बाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी गेली होती, आणि मराठी कागद म्हणत होता की ती समाजातून उठून गेली. वाक्य दुरुस्त झालं, पण ते तसंच कोर्टापुढे गेलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

हा अर्थ मुंबईच्या कोर्टकचेऱ्यांना जुना आहे. १८८४ मध्ये रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, तो याच हक्कासाठी. त्या काळची इंग्रजी कागदपत्रं वाचाल तर ‘सोसायटी’ हा शब्द दिसला की आधी सहवास आठवा.

आणि खरं तर हाच या शब्दाचा मूळ अर्थ. लॅटिनमध्ये ‘सोसियस’ म्हणजे सोबती. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या ‘सखि’शी लावतात, आणि ‘सच्’ म्हणजे सोबत असणं, मागोमाग जाणं, या धातूशी. आपला ‘सचिव’ त्याच ‘सच्’मधून आला. ‘सोसायटीचे सचिव’ या शब्दजोडीत दुरावलेले दोन चुलतभाऊ शेजारी बसले आहेत, हे कळल्यापासून मला ती पाटी वाचताना दर वेळी बरं वाटतं.

पायरी ३ : कोणत्या कायद्याखाली नोंदणी झाली ते शोधा

संस्था आहे एवढं ठरलं की लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक पाहा. नव्या माणसाला तो शोभेचा वाटतो. पण सगळा उलगडा तिथेच असतो. महाराष्ट्रात दोन मोठी घराणी आहेत.

एक घराणं १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याचं. सात किंवा अधिक माणसं साहित्य, विज्ञान, कला, शिक्षण किंवा धर्मादाय कामासाठी एकत्र येतात, उद्देशपत्र आणि नियम लिहून देतात, नोंदणी होते. इथे कोणी नफा वाटून घ्यायचा नसतो. महाराष्ट्रात अशा धर्मादाय संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, त्यामुळे लेटरहेडवर बहुधा दोन क्रमांक दिसतात : एक ‘महाराष्ट्र’, आकडा, साल आणि जिल्हा असा, आणि दुसरा ‘एफ’ने सुरू होणारा. कचेरी धर्मादाय आयुक्तांची. या घराण्यातल्या सोसायटीला मराठीत ‘संस्था’ म्हणा. तिच्या नियमांना लोक ‘घटना’ म्हणतात, आणि कार्यकारिणी बदलली की ‘बदल अर्ज’ करावा लागतो.

दुसरं घराणं सहकाराचं. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, १९१२ मध्ये तो इतर प्रकारच्या सहकारी संस्थांपर्यंत वाढला, आणि आज आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चालतो. इंग्रजी नावातल्या ‘सोसायटीज’ला मराठी नावात ‘संस्था’ केलं आहे, ते लक्षात घ्या. ही कचेरी निबंधकांची : तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, आणि सगळ्यांच्या वर पुण्यात बसणारे सहकार आयुक्त व निबंधक. या संस्थेत सभासदाचा भाग असतो, शेअर असतो, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. नियमांना इथे ‘उपविधी’ म्हणतात. ‘घटना’ लिहिलंत तर जाणकाराला लगेच कळतं की अनुवादक या गावचा नाही.

दोन घराण्यांची सरमिसळ झाली की बातमी चुकते. ‘सोसायटीत घोटाळा, धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार’ असा मथळा एखाद्या दूध संस्थेबद्दल लावला, तर तक्रार करणारा वाचक भलत्याच कचेरीच्या दारात उभा राहतो.

तिसरा एक प्रकार माहीत असू द्या. दोन किंवा अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्था २००२च्या केंद्राच्या कायद्याखाली येतात. आपल्याकडे त्यांना सरळ ‘मल्टिस्टेट’ म्हणतात. त्यांचे निबंधक दिल्लीत. ठेवी अडकल्या की तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथला कारकून सांगतो, हे आमच्याकडे येत नाही. ‘बहुराज्यीय’ हा शब्द बातमीत एकदा जरी आला असता, तरी त्यांचे काही हेलपाटे वाचले असते.

बेळगावकडचे कागद आले तर ‘सौहार्द’ हा शब्द दिसेल. कर्नाटकात सहकारासाठी १९९७चा वेगळा सौहार्द कायदा आहे, आणि त्याखालच्या संस्था नावात हा शब्द लावतात. तो प्रकाराचा शब्द आहे, भावनेचा नाही. तो तसाच ठेवा. गोव्याचा सहकारी संस्थांचा कायदाही स्वतःचा आहे, २००१चा. तिथल्या कागदाला महाराष्ट्राची कलमं लावू नका.

पायरी ४ : बोलणारा कुठे उभा आहे?

कागदाच्या जागी माणूस बोलत असेल, मुलाखत किंवा भाषण उतरवायचं असेल, तर नोंदणी क्रमांक कुठून आणणार? मग गाव विचारा.

खेड्यात ‘सोसायटी’ म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. लोक तिला ‘विकास सोसायटी’ म्हणतात, किंवा नुसती ‘सोसायटी’. इंग्रजी अहवालात हीच ‘पॅक्स’ या आद्याक्षरांनी येते, म्हणजे प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था. रिझर्व्ह बँकेच्या किंवा नाबार्डच्या अहवालाचा अनुवाद करताना पहिल्यांदा पूर्ण नाव द्या आणि पुढे ‘विकास सोसायटी’ लिहा. शेतकऱ्याला तेव्हाच कळतं की हे आपल्याबद्दल चाललं आहे.

तिचं काम समजून घेतल्याशिवाय तिची भाषा कळत नाही. पैसा राज्य सहकारी बँकेकडून जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे, तिथून गावच्या सोसायटीकडे, आणि सोसायटीकडून शेतकऱ्याकडे येतो. परत जाताना त्याच पायऱ्या चढतो. ३१ मार्चला जुनं कर्ज भरायचं आणि पुढच्या हंगामाचं नवं उचलायचं, याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. एखादा शेतकरी सांगतो, ‘यंदा नवं-जुनं झालं नाही.’ याचा अर्थ तो थकबाकीत गेला, आणि खरिपासाठी त्याला आता कुठलं तरी दुसरं दार ठोठवावं लागणार. इंग्रजीत ‘लोन वॉज नॉट रिन्यूड’ एवढं केलं तर शब्दार्थ होतो, पण बँकेने नकार दिला असा गैरसमज होऊ शकतो. एक वाक्य जास्त लिहा, पण जुनं कर्ज फेडता आलं नाही हे सांगा. ‘गटसचिव’ हा सोसायटीचं दप्तर सांभाळणारा पगारी माणूस. त्याला निवडून आलेला पदाधिकारी समजू नका. निवडून येतो तो चेअरमन. गावात चेअरमनला ‘अध्यक्ष’ फार कोणी म्हणत नाही, त्यामुळे थेट बोलणं देताना चेअरमनच राहू द्या.

निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द आणखी एका रूपाने येतो. बाजार समितीच्या १८ जागांपैकी ११ ‘सोसायटी मतदारसंघा’च्या असतात. बाकी ग्रामपंचायतीच्या ४, व्यापारी-अडत्यांच्या २ आणि हमाल-मापाड्यांची १. सोसायटी मतदारसंघात मत देतात ते विकास सोसायट्यांच्या संचालक मंडळांवरचे लोक. शहरात वाढलेल्या उपसंपादकाने इथे ‘गृहनिर्माण सोसायट्यांचे मतदार’ केलेलं मी छापलेल्या पानावर वाचलं आहे. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत तर सोसायटी आपला एक प्रतिनिधी ठरवते आणि तसा ठराव करते. म्हणून तिथे प्रश्न असतो, ‘ठराव कोणाच्या नावावर आहे?’ हा ठराव कशाचा, हे ज्याला कळलं त्याला जिल्ह्याचं अर्धं राजकारण कळलं, असं मी नव्या मुलांना सांगतो.

गावात दूध घालायचं ठिकाणही कित्येकदा सोसायटीच असतं. तिथे ‘डेअरी’ आणि ‘दूध संस्था’ हे शब्दही चालतात. सकाळी सहा वाजता सोसायटीत गेलेला माणूस दूध घालायला गेला असणार. कर्जाला कोणी सहा वाजता जात नाही.

एक जुनी गोष्ट इथेच सांगतो. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी परस्परांना मदत करणारी एक संस्था उभी केली, कायदा व्हायच्या १५ वर्षं आधी. तिचं नाव ‘अन्योन्य सहकारी मंडळी’. ‘सोसायटी’ला ‘मंडळी’ हा केवढा छान शब्द! गुजरातीने तो टिकवला, तिथे आजही दूध मंडळी आणि सहकारी मंडळी म्हणतात. मराठीत मात्र मंडळी जेवायला बसली ती उठलीच नाही, आणि संस्थेसाठी ‘संस्था’ व ‘सोसायटी’ हेच उरले. जुने मराठी कागद वाचताना ‘मंडळी’ आढळली तर लोकांचा घोळका समजू नका. ती नोंदलेली संस्था असू शकते. पुण्याच्या ‘शिक्षण प्रसारक मंडळी’च्या नावात, १८८८ पासून, ती अजून आहे.

पायरी ५ : शहरातली सोसायटी खरंच सोसायटी आहे का?

शहरात ‘सोसायटी’ म्हणजे राहण्याची जागा. सहकारी गृहनिर्माण संस्था ही कल्पना मुंबईत १९१५ पासूनची. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली, ती देशातल्या पहिल्यांपैकी. तिथून हा शब्द एवढा पसरला की आता फाटक, वॉचमन आणि पाण्याची टाकी असलेल्या कुठल्याही इमारतीला लोक सोसायटी म्हणतात.

घोळ इथेच होतो. पुण्यात फार इमारती अशा आहेत की ज्यांची सहकारी संस्था कधी झालीच नाही. त्या १९७०च्या अपार्टमेंट मालकीच्या कायद्याखाली येतात. सहकारी संस्थेत सभासदाला भागपत्र मिळतं आणि अभिहस्तांतरण झालं की जमीन-इमारत संस्थेच्या नावावर होते. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा मालक असतो आणि जमिनीत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. तिथे भागपत्र नाही, ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ आणि प्रत्येकाचं ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असतं. राहणाऱ्यांच्या संघटनेला इंग्रजीत ‘असोसिएशन’ किंवा ‘कॉन्डोमिनियम’ म्हणतात. मराठी खरेदीखतात त्या ठिकाणी ‘संस्था’ लिहिलं, की घेणारा भागपत्र मागतो, विकणाऱ्याकडे ते नसतं, आणि व्यवहार संशयावर अडतो. नाव काय आहे ते पाहू नका. ‘अमुक सोसायटी’ अशी दगडात कोरलेली पाटी असूनही ती अपार्टमेंट असू शकते. क्रमांकात ‘एचएसजी’ ही अक्षरं दिसली तर ती गृहनिर्माण सहकारी संस्था.

परदेशी लिहिताना आणखी जपा. ‘अवर सोसायटी डझ नॉट अलाउ पेट्स’ हे वाक्य मुंबईत बसून लिहिलं तर त्याचा अर्थ इमारतीत कुत्रं पाळू देत नाहीत, एवढाच. पण लंडनमध्ये किंवा टोरांटोत बसलेला माणूस ते ‘आमच्या समाजात प्राणी पाळायला बंदी आहे’ असं वाचतो. तिथे ‘हाउसिंग को-ऑपरेटिव्ह’ किंवा नुसतं ‘अवर बिल्डिंग’ लिहा. उलट, ब्रिटनच्या कागदात ‘बिल्डिंग सोसायटी’ आली तर तिचा जिन्याशी आणि पार्किंगशी संबंध नाही. सभासदांच्या बचती घेऊन घरासाठी कर्ज देणारी ती वित्तसंस्था आहे. आणि तिकडच्या विद्यापीठात शिकणारी भाची ‘सोसायटी जॉइन केली’ म्हणाली, तर तो विद्यार्थ्यांचा छंदमंडळासारखा गट समजा.

पायरी ६ : पतसंस्थेला बँक म्हणू नका

ही पायरी छोटी आहे, पण इतकी कळकळीची दुसरी नाही. ‘क्रेडिट सोसायटी’ म्हणजे पतसंस्था. लोक बोलताना तिला ‘आमची बँक’ म्हणतात. फलकही तसे रंगवलेले असतात. पण पतसंस्था ही बँक नसते, आणि नावात ‘बँक’ लावायला तिला कायद्याने मनाई आहे. फरक नुसता नावाचा नाही. बँक बुडाली, अगदी सहकारी बँक बुडाली, तरी ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमच्या एका शब्दावर विसंबून कोणी निवृत्तीचे पैसे तिथे ठेवले तर? बोलणाऱ्याने ‘बँक’ म्हटलं असेल तर अवतरणात ते ठेवा, पण तुमच्या स्वतःच्या वाक्यात ‘पतसंस्था’च लिहा.

पायरी ७ : विशेषनाम असेल तर हात लावू नका

नोंदलेलं नाव हे नाव असतं. ‘डेक्कन एज्युकेशन सोसायटी’ (१८८४) आणि बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापलेली ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’ मराठीतही त्याच नावांनी ओळखल्या जातात. त्यांचं ‘दख्खन शिक्षण संस्था’ किंवा ‘लोकशिक्षण संस्था’ करू नका. कर्मवीरांची ‘रयत शिक्षण संस्था’ (१९१९) इंग्रजीतही ‘रयत शिक्षण संस्था’च, तिला इंग्रजी सोसायटी करायला जाऊ नका. काळाचंही भान हवं. १८०४ मध्ये मुंबईत ‘लिटररी सोसायटी’ झाली, तिचीच आजची ‘एशियाटिक सोसायटी’. १८०४चा प्रसंग सांगत असाल तर तेव्हाचं नाव द्या.

पण काही नावं दोन्ही भाषांत वेगवेगळी रुळली आहेत. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेली ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ मराठीत ‘भारत सेवक समाज’ म्हणून ओळखली जाते. यात एक खाच आहे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, नियोजन आयोगाच्या पुढाकाराने ‘भारत सेवक समाज’ याच नावाची वेगळी संघटना निघाली, आणि तिचं इंग्रजी नावही तेच. मराठी मजकुरात ‘भारत सेवक समाज’ दिसला तर साल पाहिल्याशिवाय इंग्रजी करू नका. गोव्याच्या इतिहासात ‘सोसायटी ऑफ जीझस’ येते, तो येशूसंघ. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर याच संघाचे.

पायरी ८ : उलट्या दिशेने जाताना

मराठीतला ‘समाज’ इंग्रजीत नेताना तीन वाटा फुटतात. ‘समाज बदलतो आहे’ इथे ‘सोसायटी’. ‘प्रार्थना समाज’ (१८६७), ‘सत्यशोधक समाज’ (१८७३) इथे विशेषनाम, ते जसंच्या तसं. आणि ‘मराठा समाज’, ‘माळी समाज’, ‘बौद्ध समाज’ इथे ‘कम्युनिटी’. या तिसऱ्या जागी ‘मराठा सोसायटी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला मराठ्यांची एखादी नोंदलेली संस्था वाटेल. ‘समाजाची बैठक’, ‘समाजाचं वधू-वर सूचक’ हेही याच वाटेने जातं.

व्याकरणाचं थोडक्यात : ती सोसायटी, त्या सोसायट्या, सोसायटीत, सोसायट्यांमध्ये. ‘सोसायटीज’ हे इंग्रजी अनेकवचन मराठी वाक्यात नको.

आता एक फाइल सोबत सोडवू. एका शिक्षिकेच्या कर्जाचा इंग्रजी कागद, एकाच पानावर ‘सोसायटी’ अकरा वेळा. त्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत शिकवतात : नोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होणारा, १८६०चं घराणं. त्या शाळेच्या नोकरदारांची पतसंस्था त्यांना कर्ज देते आहे : सहकाराचं घराणं, पण बँक नाही. कर्ज ज्या फ्लॅटवर आहे तो एका तिसऱ्या सोसायटीत. मी पहिल्या उल्लेखाला तिघींची पूर्ण नावं लिहितो, आणि पुढे पानभर ‘शिक्षणसंस्था’, ‘पतसंस्था’, ‘गृहनिर्माण संस्था’ हे तीनच शब्द पाळतो. एकदाही नुसतं ‘संस्था’ लिहीत नाही. ‘द सोसायटी शॅल डिडक्ट फ्रॉम द सॅलरी’ : पगारातून कापू शकते ती पगार देणारी, म्हणजे शिक्षणसंस्था. ‘द सोसायटी शॅल नॉट ट्रान्सफर द शेअर्स’ : फ्लॅटचे भाग हस्तांतरित करणारी गृहनिर्माण संस्था, पण पतसंस्थेतही सभासदाचे भाग असतात, म्हणून आधीचं कलम वाचून खात्री करायची. इथे आधीचं कलम फ्लॅटच्या विक्रीबद्दल होतं. सगळ्यात तळाशी एक सही आहे आणि तिच्याखाली एवढंच : ‘फॉर द सोसायटी, सेक्रेटरी’. तिघींनाही सचिव असतो. सहीशेजारचा गोल शिक्का अर्धा उमटला आहे, भिंग लावून पाहिलं तर कडेला तीन अक्षरं वाचता येतात, ‘एचएसजी’. तिथे लिहायचं, ‘गृहनिर्माण संस्थेकरिता, सचिव’.